खाली गाळे, वर घरं: बांधकाम परवानगीविरुद्ध कुठे आणि किती दिवसांत जायचं



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकच प्रश्न दोन बाजूंनी येतोय. तालुक्याच्या गावात जुने वाडे पडतायत आणि त्या जागी खाली दुकानांचे गाळे, वर फ्लॅट अशा इमारती उभ्या राहतायत. सरकारी भाषेत याला मिश्र वापराची इमारत म्हणतात. मागच्या बोळात राहणाऱ्या बायका विचारतात, "एवढ्याशा रस्त्यावर हिला परवानगी मिळालीच कशी? आम्हाला कोर्टात अपील करता येईल का?" आणि गटातल्या ज्या मैत्रिणींनी तसल्याच इमारतीत मसाल्याच्या दुकानासाठी गाळा बघून ठेवलाय, त्या विचारतात, "उद्या कुणी कोर्टात गेलं तर आमच्या पैशाचं काय?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकीकडे घराचा उजेड आणि येण्याजाण्याची वाट आहे, दुसरीकडे चार-पाच वर्षं पै पै साठवलेली बचत आहे. आम्ही गटांच्या समन्वयक, वकील नाही. पण गेल्या वर्षभरात नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात चकरा मारून, विधी सेवा शिबिरांत बसून आणि वकीलताईंना पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी परवानगी कशाच्या जोरावर मिळते ते बघू. आपल्या राज्यात यासाठीचा मुख्य कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६. कार्यालयात सगळे त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. या कायद्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो. कुठला भाग राहण्याचा, कुठला व्यापाराचा, कुठे बाग, कुठे शाळा, कुठला रस्ता किती रुंद, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. राहण्याच्या भागात दुकानं अजिबात नकोत असं कायदा म्हणत नाही. किराणा, दळण, दवाखाना जवळ लागतोच. पण किती दुकानं, कुठल्या मजल्यावर, याला मर्यादा असतात आणि त्या बहुतेक वेळा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. मुंबई आणि इतर काही भाग सोडले तर राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. इमारतीच्या चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा, जिला सामासिक अंतर म्हणतात, गाड्या लावायची जागा, चटईक्षेत्र, उंची, सगळं त्यात आहे.

बांधणाऱ्याने नकाशा जोडून नगरपरिषदेकडे अर्ज करायचा. कलम ४५ प्रमाणे नगरपरिषद तीनपैकी एक करते. परवानगी देते, अटी घालून देते किंवा नाकारते. देताना तिने विकास आराखडा डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे, असं कलम ४६ सांगतं.

आता अपील. कलम ४७ मध्ये अपिलाची तरतूद आहे. आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य सरकारकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. हे ऐकून बोळातल्या मैत्रिणींचे चेहरे खुलले होते. पण कलम नीट वाचलं की कळतं, हे अपील फक्त अर्जदाराला आहे. म्हणजे ज्याने परवानगी मागितली आणि ज्याला ती मिळाली नाही किंवा जाचक अटींसह मिळाली, त्यालाच. परवानगी मिळाल्यामुळे ज्याचं नुकसान होतं, त्या शेजाऱ्याला या कलमात जागा नाही.

आम्हाला हे एकतर्फी वाटतं. ज्याच्याकडे वास्तुविशारद आहे, वकील आहे, त्याला सोपा आणि जवळचा रस्ता. जिच्याकडे काही नाही, तिला लांबचा. पण कायदा असा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे बायकांचे महिनेच्या महिने चुकीच्या दारात जातात.

दुसरं चुकीचं दार म्हणजे तालुक्याचं दिवाणी न्यायालय. आपल्या ओळखीचे वकील तिथलेच असतात, म्हणून आपण सरळ तिथे दावा टाकायला जातो. पण याच कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे सरकारचे आणि नियोजन प्राधिकरणाचे आदेश अंतिम मानले जातात आणि दाव्यात त्यांना आव्हान देता येत नाही. त्यामुळे 'नगरपरिषदेची परवानगी रद्द करा' अशी मागणी घेऊन दिवाणी न्यायालयात गेलात, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम दाखवतो.

एक वेगळी गोष्ट मात्र दिवाणी न्यायालयात मागता येते. आपल्या घराच्या खिडकीतून वीस वर्षं अखंड, उघडपणे आणि हक्काने उजेड-वारा येत असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे त्या उजेडावर आपला हक्क तयार होतो. तो खरोखर मोठ्या प्रमाणात हिरावला जात असेल, तर त्यासाठी दावा लावता येतो. हा भांडा नगरपरिषदेशी नसून शेजाऱ्याशी असतो. थोडा अंधार वाढला एवढं पुरत नाही. दिवसा दिवा लावल्याशिवाय स्वयंपाक होत नाही, अशा थराचं नुकसान दाखवावं लागतं. घर किती जुनं, खिडकी कधीची, याचे पुरावे लागतात. जुने फोटो, घरपट्टीच्या पावत्या, मिळकत पत्रिका, सगळं जपून ठेवा. लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसणारी खिडकीसुद्धा कामाला येते, असं एका वकीलताईंनी सांगितलं तेव्हा आम्ही हसलो होतो, पण ते खरं आहे.

मग परवानगीच चुकीची असेल, तर शेजारणीने काय करायचं?

पहिली पायरी नगरपरिषदच. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लेखी हरकत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही, 'साहेब म्हणाले बघतो' यालाही नाही. कलम ५१ प्रमाणे दिलेली परवानगी मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नगरपरिषदेला आहे. खोटी माहिती देऊन घेतलेली परवानगीही रद्द होऊ शकते. मात्र परवानगीधारकाचं म्हणणं ऐकूनच हे करावं लागतं, आणि कलम ५१ खालच्या आदेशाने आधी झालेल्या कामाला हात लागत नाही. म्हणून पाया खणताना दिलेली हरकत आणि तिसरा स्लॅब पडल्यावर दिलेली हरकत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मंजूर नकाशा बरोबर आहे, पण बांधकाम त्यापेक्षा वेगळं चाललंय, असंही पुष्कळदा होतं. नकाशात खाली गाड्यांची जागा आणि प्रत्यक्षात शटर बसलेलं. तिथे परवानगीविरुद्ध लढायची गरजच नाही. नगरपरिषदेला कलम ५३ खाली नोटीस काढायला सांगायचं. या दोन तक्रारी एकत्र करू नका. परवानगी चुकीची ही एक तक्रार, परवानगी मोडून बांधकाम ही दुसरी. अर्जात दोन्ही कालवल्या की उत्तर कशालाच मिळत नाही.

नगरपरिषदेने स्वतः ठराव करून काही मंजूर केलं असेल आणि ते बेकायदा वाटत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातलं कलम ३०८ जिल्हाधिकाऱ्यांना नगरपरिषदेच्या ठरावाची किंवा आदेशाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार देतं. नगरसेवक मंडळी एकमेकांविरुद्ध हे कलम नेहमी वापरतात. आपल्याला ते कुणी सांगत नाही.

एवढं करूनही काही हललं नाही, तर उरतं उच्च न्यायालय. तिथे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करता येते. तिला अपील म्हणत नाहीत, आणि हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. अपिलात वरचा अधिकारी पूर्ण प्रकरण पुन्हा तपासू शकतो. रिटमध्ये न्यायालय मुख्यतः एवढंच बघतं, की निर्णय घेणाऱ्याने कायदा पाळला का. इमारत सुंदर आहे की कुरूप, गावाला दुकानं हवीत की नकोत, हे ठरवायला न्यायाधीश बसत नाहीत. ते नगरपरिषदेचं काम. न्यायालय विचारतं, परवानगी देणाऱ्याला तो अधिकार होता का? विकास आराखड्याच्या विरुद्ध गेला का? नियमावलीतली अट डावलली का? ज्यांचं ऐकायला हवं होतं त्यांचं ऐकलं का?

म्हणून आमच्या बैठकीत आम्ही एक कागद मधोमध दुमडला आणि सगळ्यांच्या तक्रारी दोन बाजूंना लिहिल्या. धूळ, आवाज, 'बाहेरची माणसं येतील', 'आमच्या गल्लीची शोभा जाईल', हे सगळं एका बाजूला. रस्त्याची रुंदी, सोडलेलं अंतर, गाड्यांची जागा, आराखड्यातलं आरक्षण, हे दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू लांबलचक झाली आणि दुसरीत चारच ओळी आल्या. काही जणी हिरमुसल्या. पण याचिका उभी राहते ती त्या चार ओळींवर. धुळीचा आणि आवाजाचा त्रास खोटा नाही. त्यासाठी नगरपरिषदेकडे आणि पोलिसांकडे वेगळी तक्रार करता येते, परवानगी रद्द करायला तो आधार पुरत नाही.

त्या चार ओळींतली पहिली रस्त्याची होती. नकाशावर रस्ता नऊ मीटर लिहिलेला. आम्ही शिवणवर्गातला टेप नेऊन मोजला तर जेमतेम साडेसहा भरला. लगेच 'घोटाळा, घोटाळा' सुरू झालं. पण थांबा. नकाशातली रुंदी कधी कधी आजच्या रस्त्याची नसते, विकास आराखड्यात पुढे रुंद व्हायच्या रस्त्याची असते, आणि बांधणाऱ्याने आपल्या जागेतून ती पट्टी सोडलेली असू शकते. त्यामुळे 'रस्ता कमी आहे' एवढं ओरडून उपयोग नाही. नगरपरिषदेला लेखी विचारायचं की ही नऊ मीटर रुंदी आजची की प्रस्तावित, आणि प्रस्तावित असेल तर कुठल्या आराखड्यातली? उत्तर काय येतं त्यावर पुढचं ठरतं.

शेजाऱ्याला न्यायालयात उभं राहायचा हक्क आहे का, हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघालाय. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. उडुपी गावातली. तिथे एका राहत्या भागात नगररचना योजनेप्रमाणे सिनेमागृहाला मनाई होती. एका गृहस्थाने आधी मंगल कार्यालय आणि व्याख्यानाच्या सभागृहासाठी परवाना घेतला. मग नकाशा बदलून तिथेच सिनेमा थिएटर मंजूर करून घेतलं. नगरपालिकेने ते दिलंही. शेजारचा एक रहिवासी उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मान्य केलं की मंजुरी योजनेच्या विरुद्ध आहे. पण मालकाचा बराच पैसा खर्च झालाय, म्हणून ती रद्द करायला नकार दिला.

रहिवासी तिथे थांबला नाही, सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं, की नगररचनेची योजना तिथे राहणाऱ्यांच्या भल्यासाठी असते. ती पाळणं हे नगरपालिकेचं रहिवाशांप्रती कर्तव्य आहे. बेकायदा बांधकामाने शेजाऱ्याच्या घराच्या उपभोगावर परिणाम होतो, म्हणून त्याला दाद मागायचा हक्क आहे. आणि नगरपालिकेला जो अधिकारच नाही तो तिने वापरला, तर पैसा खर्च झाला म्हणून तो कायदेशीर होत नाही.

आम्हाला ही गोष्ट आवडते, कारण ती एका साध्या रहिवाशाची आहे. पण ती ऐकून निवांत बसू नका. उडुपीच्या निकालाकडे बोट दाखवून दोन वर्षांनी न्यायालयात गेलात, तर पहिला प्रश्न येईल, "इमारत डोळ्यांसमोर उभी राहत होती, तेव्हा तुम्ही कुठे होता?" रिट याचिकेला ४० दिवसांसारखी मुदत कायद्यात लिहिलेली नाही, पण विनाकारण उशीर केला तर न्यायालय दाद नाकारू शकतं. म्हणून परवानगीचा फलक लागल्याबरोबर तारीख लिहून ठेवा. आमच्या गटाच्या वहीत, जिथे हप्ते लिहितो तिथेच मागच्या पानावर, आता अशा तारखाही लिहिलेल्या असतात.

उच्च न्यायालय म्हटलं की आपल्याला मुंबई दिसते. एसटीचा प्रवास, राहण्याचा खर्च, वकिलाची फी. आपल्या भागापुरतं यात बरंच सोपं झालंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. सकाळची गाडी पकडून संध्याकाळी घरी येता येतं, ही आपल्यासारख्यांसाठी मोठी गोष्ट आहे. वर्षानुवर्षं वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी आंदोलनं केली होती.

जिंकलं म्हणजे काय होतं, तेही आधी समजून घ्या. बहुतेकींना वाटतं, निकाल लागला की दुसऱ्या दिवशी जेसीबी येईल. पुष्कळदा न्यायालय परवानगी रद्द करून सांगतं, 'हरकती ऐका आणि नव्याने निर्णय घ्या.' मग नगरपरिषद तीच परवानगी नीट कारणं लिहून पुन्हा देऊ शकते. थोडंसं उल्लंघन असेल तर दंड घेऊन ते नियमित करण्याची वाटही कायद्यात आहे, पण नियमात बसत नाही ते नुसत्या दंडाने बसवता येत नाही. आणि वेळ? नोएडातल्या दोन उंच मनोऱ्यांची गोष्ट तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. आधी घरं घेतलेल्या रहिवाशांच्या संघटनेने तिथे दाद मागितली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१४ साली मनोरे पाडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं ३१ ऑगस्ट २०२१ ला. मनोरे पडले २८ ऑगस्ट २०२२ ला. पडायला काही सेकंद लागले, पण उच्च न्यायालयाच्या निकालापासून तिथपर्यंत पोचायला आठ वर्षं. म्हणूनच याचिकेसोबत काम थांबवण्याचा अंतरिम आदेश, म्हणजे स्थगिती मागणं महत्त्वाचं. स्थगिती मिळाली नाही तर इमारत वाढतच राहते.

इथे एक कडू गोष्ट बोलून टाकतो. काही लोक हरकतीचा अर्ज देतात तो मागे घेण्याचे पैसे घेण्यासाठी. गावात सगळ्यांना हे माहीत आहे. त्यामुळे खऱ्या तक्रारीकडेही अधिकारी संशयाने बघतात. गटाच्या नावाने हरकत द्यायची असेल तर बैठकीत ठराव करा, सह्या घ्या, प्रत सगळ्यांना द्या. कुणी एकटीने बांधणाऱ्याच्या ऑफिसात चहाला जायचं नाही.

आता गाळा घेणाऱ्या मैत्रिणींकडे येऊ. यात सगळ्यात जास्त काळजी आम्हाला तुमचीच वाटते, कारण शेजारणीचं घर तरी जागेवर राहतं. गाळा बेकायदा ठरला तर हातात काहीच उरत नाही.

मेरठचं प्रकरण ताजं आहे. तिथे शास्त्रीनगर वसाहतीत राहण्यासाठी दिलेल्या प्लॉटवर दुकानं बांधली गेली. लोकांनी ती विकत घेतली, वर्षानुवर्षं धंदा केला. उच्च न्यायालयाने २०१४ साली बांधकाम पाडायचा आदेश दिला. दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. आम्ही पैसे भरले, इतकी वर्षं कुणी अडवलं नाही, असं त्यांचं म्हणणं. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. किती वर्षं वापर झाला, किती पैसा गुंतला, अधिकारी किती ढिले वागले, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि जागा रिकामी करायला तीन महिने दिले. उडुपीत जो नियम शेजाऱ्याच्या कामी आला, तोच मेरठमध्ये दुकानदारांच्या विरुद्ध गेला. त्या दुकानांत आपल्यासारख्या कितीतरी घरांची बचत असेल, हे वाचताना आम्हाला फार लागलं.

त्याच निकालात न्यायालयाने देशभरासाठी काही सूचना दिल्या, त्या आपल्या रोजच्या कामाच्या आहेत. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ताबा द्यायचा नाही. वीज, पाणी, गटाराची जोडणी हे प्रमाणपत्र बघूनच द्यायची. बँकेनेही इमारत तारण घेऊन कर्ज देताना ते तपासायचं. बेकायदा इमारतीत धंद्याचा परवाना द्यायचा नाही. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या गाळ्यात उद्या मीटर, कर्ज आणि दुकानाचा परवाना तिन्ही अडकू शकतात. मसाल्याच्या धंद्यात यातलं एक जरी अडकलं तरी काम थांबतं.

म्हणून विसार देण्याआधी मंजूर नकाशा मागा आणि त्यात आपला गाळा शोधा. नकाशात त्या जागी 'दुकान' लिहिलंय की 'वाहनतळ', हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मुंबईच्या दहिसरमधल्या एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, की इमारतीखालची खांबांमधली गाड्यांची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही. ती सोसायटीच्या सगळ्यांची. तरीही आपल्याकडे तीच जागा शटर लावून 'गाळा नंबर सहा' म्हणून विकायला निघते. स्वस्त असते, म्हणून आपल्यालाच दाखवली जाते.

जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि गाळे-फ्लॅट मिळून आठपेक्षा जास्त असतील, तर बहुतेक वेळा प्रकल्पाची 'महारेरा'कडे नोंदणी लागते. २०१६ च्या या रेरा कायद्यात गाळ्यालाही फ्लॅटसारखंच संरक्षण आहे. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. विक्री झाल्यावर इमारतीच्या आराखड्यात मोठा बदल करायचा, बागेच्या जागी आणखी दुकानं काढायची, तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. कोऱ्या संमतीपत्रावर सही मागतात, ती देऊ नका.

महारेराच्या आदेशाविरुद्ध मात्र आपल्याला खरंखुरं अपील आहे. ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे, आणि तिथून पुढे ६० दिवसांत उच्च न्यायालयात. बिल्डरने अपील केलं, तर खरेदीदाराला द्यायची सगळी रक्कम त्याला आधी न्यायाधिकरणात भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ही अट योग्य ठरवली. आपल्या बाजूने असलेल्या तरतुदी कमी असतात, ही त्यातली एक आहे.

कागद मिळवायचे कसे, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मैत्रिणींना सारखाच. माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत मजकूर, हा नियम लक्षात ठेवा, नाहीतर अर्ज परत येतो. मागायचं काय? मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि त्यातल्या अटी, जोते तपासणीचा दाखला, रस्त्याच्या रुंदीचा अभिप्राय आणि त्या फाइलवरच्या टिपण्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. पण न्यायालयात जायचं असेल तर हे सगळं संपेपर्यंत थांबू नका. एकीकडे माहितीचा अर्ज, दुसरीकडे हरकत, दोन्ही त्याच आठवड्यात द्या.

आणि वकिलाच्या फीचं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. त्यात स्त्री असा सरळ उल्लेख आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. गरीब असल्याचा दाखला मागितला तर हे कलम दाखवा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समितीचं कार्यालय असतं. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. जाताना आधारकार्ड, हरकतीची शिक्का मारलेली प्रत, जागेचे आणि कामाच्या फलकाचे फोटो, आणि तारखा लिहिलेली वही घेऊन जा. पुढच्या भागात तिथला अर्ज कसा भरायचा ते रकान्यागणिक वाचून दाखवणार आहोत. कागद-पेन जवळ घेऊन बसा.